मत बदलायला पुरेसं कारण म्हणजे काय?

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा पत्ता आणि २३ डिसेंबर १९५५ ही तारीख असलेली एक छोटी प्रस्तावना आहे. लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय भाषावार राज्यांचा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच आला होता, देश तापला होता, आणि आजारपणामुळे संसदेतल्या चर्चेत भाग घेता आला नाही म्हणून त्यांनी आपलं म्हणणं पुस्तिकेच्या रूपाने मांडलं. सात वर्षांपूर्वी, १९४८ साली, भाषावार प्रांतांचा विचार करणाऱ्या दार आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मुंबईसह एका महाराष्ट्राची बाजू मांडली होती. आता १९५५ मध्ये ते म्हणत होते की मराठी मुलखाची चार राज्यं करा, आणि त्यातलं एक राज्य म्हणजे मुंबई शहर.

टीका होणार हे त्यांना माहीत होतं. प्रस्तावनेतच त्यांनी उत्तर देऊन ठेवलं. आधीची विधानं तुटपुंज्या माहितीवर केलेली होती, सगळं चित्र पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते आयोगाच्या अहवालामुळे. एकदा बोललो म्हणून जन्मभर तेच बोलायला विचार करणारा माणूस बांधील नसतो, सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी. आणि मग एक अट: शिकलेलं मोडून नव्याने मांडायचं असेल तर त्याला चांगलं आणि पुरेसं कारण हवं.

सुसंगतीबद्दलचं वाक्य भाषणांतून पुष्कळदा ऐकलंय. अट मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळं मर्म त्या अटीत आहे. (मराठी माणूस म्हणून मला त्यांचा मुंबईचा मुद्दा आजही पटत नाही. पण मत कसं बदललं ते उघड सांगण्याची ती रीत पटते.) चांगलं आणि पुरेसं कारण म्हणजे नेमकं काय, एवढंच या लेखात समजून घ्यायचं आहे.

आपल्याकडे यासाठी शब्द पुष्कळ आहेत, पण ते बाजू बघून वापरले जातात. आपला माणूस मतावर ठाम राहिला तर तो शब्दाचा पक्का, समोरचा राहिला तर हेकट. आपल्याने मत बदललं तर तो समंजस, समोरच्याने बदललं की कोलांटउडी. म्हणजे बदललं की नाही बदललं यावरून काहीच कळत नाही. बदललं तेव्हा हातात नवं काय आलं होतं, हे पाहावं लागतं.

पण त्याही आधी मत उसवून पाहावं लागतं, कारण एका राजकीय मतात दोन वेगळे धागे विणलेले असतात.

माझी आत्या चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यात राहते. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बायकांची पदयात्रा निघाली, तिच्यात पहिले दोन दिवस ती चालली होती. त्याआधी तिच्या गावात 'बाटली आडवी'ची खटपट झाली होती. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यावर महिलांचं गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी, एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हे, एकूण मतदारांच्या. त्यामुळे भीतीपोटी जी घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. आत्या दारोदार फिरून बायकांना बाहेर काढत होती.

१ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून होती. पुढे रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, बंदीची अंमलबजावणी फसली, हे कारण पुढे आलं. एका सरकारने लावलेली बंदी दुसऱ्याने उठवली, आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांची मतं त्या त्या सरकारच्या मागोमाग फिरली.

आत्याच्या मतात काय काय होतं? एक, पुरुषाची मजुरी घरी पोचली पाहिजे आणि बाईला संध्याकाळी रस्त्याने निर्धास्त चालता आलं पाहिजे. दोन, जिल्हाभर दारू बंद केली की हे होईल. पहिला धागा मूल्याचा. तो कुठल्याही अहवालाने खोटा ठरत नाही, कारण जग कसं आहे याबद्दल तो काही म्हणतच नाही, जग कसं असावं ते म्हणतो. दुसरा धागा जगाबद्दलचा अंदाज आहे, आणि अंदाज चुकू शकतो. आपली बहुतेक भांडणं हे दोन धागे गुंतल्यामुळे होतात. अंदाजावर कुणी बोट ठेवलं की आपल्याला वाटतं मूल्यावरच घाव घातला. 'बंदीने दारू कमी झाली नाही' असं कुणी म्हटलं की उत्तर येतं, 'म्हणजे बायकांनी मार खायचा का?' तो माणूस तसं म्हणालेलाच नसतो.

मूल्यं कधी बदलूच नयेत असं नाही. पण ती आकडेवारीने हलत नाहीत. एखाद्याचं जगणं जवळून पाहिलं, किंवा आपलीच दोन मूल्यं एकमेकांच्या आड आली, की ती हलतात. लेखाचा पुढचा भाग मात्र दुसऱ्या धाग्याबद्दल आहे.

पुरावा किती वजनाचा, हे कसं ठरवायचं? थॉमस बेज नावाच्या इंग्लिश पाद्र्याचा एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, छापला गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या गणिताचा गाभा एका प्रश्नात मावतो. समोर दिसणारी गोष्ट माझ्या मताशी जुळते का, एवढं विचारून भागत नाही. माझं मत चुकीचं असतं, तरी हीच गोष्ट दिसली असती का? दिसली असती, तर तो पुरावा हलका. दिसली नसती, तर जड.

चंद्रपूरलाच लावून पाहा. बंदीनंतर दारूविक्रीचे गुन्हे वाढले, असं म्हटलं की बंदीचे विरोधक म्हणतात बंदी फसली, आणि समर्थक म्हणतात पोलीस कामाला लागले. पण काल जे काम परवाना घेऊन काउंटरवर होत होतं, तेच आजपासून गुन्हा ठरलं. बंदी उत्तम चालली असती तरी सुरुवातीला हा आकडा वाढलाच असता, फसली असती तरी वाढलाच असता. म्हणून नुसत्या या आकड्याने कुणीच आपलं मत फारसं हलवू नये. जड पुरावा वेगळा असेल: दारूमुळे दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी, मजुरीतला घरखर्चाला उरणारा भाग. आणि तेही बंदी नसलेल्या, पण बाकी सगळ्या बाबतीत सारख्या अशा भागाशी ताडून.

हाच प्रश्न मत धरून ठेवायलाही शिकवतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. समजा, मागेल त्याला काम देण्याची ही योजना गरिबाला आधार देते असं तुमचं मत आहे, आणि तालुक्यात एक बोगस मस्टर सापडलं. मेलेल्या माणसांच्या नावावर हजेरी. चीड येते, यायलाच हवी. पण योजना एकंदरीत उपयोगाची असली तरी इतक्या मोठ्या कामात काही मस्टरं बोगस निघणार, हे आधीच ठाऊक असायला हवं होतं. एका मस्टरवरून योजनाच थोतांड म्हणणारा माणूस मोकळ्या मनाचा नसतो, तो घाईचा असतो. दहा तालुक्यांतल्या निम्म्या मस्टरांत हेच निघालं, तर मात्र 'काही अपवाद' म्हणून तेच मत धरून बसणं चूक. दरवेळी थोडं थोडं झुकायचं, जितका पुरावा तितकंच. मत एकदम पालटावं लागण्याचे प्रसंग फार कमी येतात.

मोजताना एक चूक सतत होते. एकच बातमी सात ग्रुपवर आली की ती सातदा सिद्ध झाल्यासारखी वाटते. गावात सात जणांनी सांगितलं, पण सातही जणांनी ते एकाच टपरीवर ऐकलेलं असेल, तर साक्षीदार एकच.

इथवर वाचून वाटेल की हिशेब नीट जमला, शिक्षण वाढलं, की माणसं आपोआप शहाणी मतं बाळगतील. मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक डॅन काहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिकेत सुमारे ११०० लोकांवर केलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा ती समजूत डळमळली. तो प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहा.

त्वचेवरच्या पुरळावर नवं मलम आलंय. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम उपयोगी आहे का?

२२३ हा आकडा डोळ्यात भरतो आणि तोंडून 'हो' निघतं. आता कागद घ्या. लावलेले एकूण २९८, त्यातले सुमारे ७५ टक्के बरे झाले. न लावलेले १२८, त्यातले सुमारे ८४ टक्के बरे झाले. म्हणजे न लावणाऱ्यांचंच बरं चाललंय. निम्म्याहून अधिक लोकांचं उत्तर चुकलं, पण ज्यांचं गणित पक्कं होतं त्यांचं बऱ्याचदा बरोबर आलं. मग हेच आकडे दुसऱ्या गोष्टीचे म्हणून दिले: कपड्याआड पिस्तूल बाळगण्यावर बंदी घालणारी शहरं आणि न घालणारी शहरं, कुठे गुन्हे घटले, कुठे वाढले. गणित तेच. आता मात्र पक्क्या गणिताचे लोकही पक्षाप्रमाणे फुटले. खरं उत्तर आपल्या बाजूचं असेल तेव्हा बरोबर, विरुद्ध असेल तेव्हा चूक. गणितात कच्चे असलेल्यांपेक्षा त्यांच्यातली दरी जास्त रुंद निघाली. पहिल्या नजरेचं उत्तर सोयीचं वाटलं की तिथेच थांबायचं, गैरसोयीचं वाटलं की कागद पेन्सिल काढायची, असं ते चाललं होतं. पुढे इतरांनी असे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा हा परिणाम दरवेळी इतका ठळक आला नाही, त्यामुळे मीही त्यावरचा विश्वास थोडा खाली आणला आहे. पण ती कागद पेन्सिल काढण्याची वेळ मी स्वतःत ओळखली आहे. नावडती बातमी आली की मी लगेच स्रोत तपासते. आवडती आली की पुढे पाठवते.

असं का होतं, याचं एक साधं कारण आहे. सोयाबीनचं बियाणं चुकीचं निवडलं तर आठ-दहा दिवसांत शेत सांगतं. उगवण झाली नाही की दुबार पेरणी, खिशाला चाट, पुढच्या वर्षी माणूस दहादा विचारतो. राजकीय मताचं तसं नाही. आयातशुल्काबद्दलचं माझं मत पार चुकीचं असलं तरी उद्या माझ्या घरची चूल तशीच पेटते. माझ्या एका मताने निवडणूक फिरत नाही, म्हणून खोलात जाऊन माहिती काढण्याचे कष्ट एकट्या मतदाराला परवडत नाहीत, असं अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडलं होतं. चुकल्याचा दंड मला होत नाही, सगळ्यांना मिळून होतो. उलट मत बदलल्याचा दंड मात्र मला लगेच होतो: घरच्या जेवणात अबोला, मित्रांच्या कट्ट्यावर टोमणे, गावात 'हा आता त्यांचा झाला'. एवढी किंमत मोजून सत्य शोधायला जाणारा माणूस विरळाच, आणि न जाणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण आपण सगळे मिळून त्याची किंमत मोजतो, म्हणून हा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

यातूनच मतांचे गठ्ठे बनतात. आरक्षणाबद्दल तुम्हाला काय वाटतं एवढं कळलं की जैतापूरच्या अणुप्रकल्पाबद्दल, शाळेच्या माध्यमाबद्दल, शेतमालाच्या निर्यातबंदीबद्दल काय वाटत असेल ते मला सांगता येत असेल, तर काळजी करावी. या प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध? एकेक मत स्वतंत्रपणे पुरावा पाहून बनलं असतं तर कुठेतरी ते गठ्ठ्याबाहेर पडलं असतंच.

आता माझ्यासाठी सगळ्यात अवघड जागा. बेळगाव महाराष्ट्रात यायला हवं, असं मला वाटतं. लहानपणापासून वाटतं. पण मी धारवाडच्या कन्नड घरात जन्मले असते तर याच खात्रीने उलटं वाटलं असतं, हेही मला स्वच्छ दिसतं. मग माझ्या खात्रीला काय किंमत? जन्माने मिळालं म्हणून मत खोटं ठरत नाही. मातृभाषाही जन्मानेच मिळते. मात्र 'मला फार तीव्रतेने वाटतं' हा पुरावा बाद होतो, कारण ती तीव्रता धारवाडच्या मुलीकडेही तेवढीच आहे. उरतं ते एवढंच की दोघींनाही लागू पडेल असा नियम सापडतो का.

असा नियम आहे. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता, म्हणजे पाटसकर तत्त्वं. आंध्र आणि मद्रासची हद्द आखताना ती वापरली गेली होती. महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला तो याच आधारावर, आणि त्याच मागणीत कन्नडबहुल २६० गावं सोडायची तयारीही दाखवली होती. न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन आयोगाने १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं असं म्हटलं. महाराष्ट्राने ते नाकारलं, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझी कसोटी मी अशी लावली: हा नियम अक्कलकोट आणि जत तालुक्यांतल्या कन्नड गावांना लावून ती गावं द्यायला मी राजी आहे का? पहिल्यांदा हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा पोटात गोळा आला. आता राजी आहे. बेळगावबद्दलचं मत टिकलं, पण ते आता मराठी असण्यावर उभं नाही, नियमावर उभं आहे, आणि कुणी पुढे येऊन त्या नियमात खोट दाखवली तर मला ऐकून घ्यावं लागेल.

समोरचा आपल्याइतकाच जाणता असून उलट मताचा असेल तर काय करायचं, याचं उत्तर मला आत्याच्या घरीच मिळालं. ती बचतगटाची सचिव आहे. दर महिन्याला ती आणि अध्यक्ष बाई वहीची बेरीज वेगवेगळी करतात. एकदा आत्याची १४,५३० आली, त्यांची १४,३५०. कुणीच 'माझीच बरोबर' म्हणालं नाही. दोघी परत पहिल्या ओळीपासून बसल्या. हिशेबात आपण हे सहज करतो, कारण दुसरीची बेरीज आपल्याइतकीच पक्की हे आधीपासून माहीत असतं. राजकारणात मात्र माणूस शहाणा की नाही हेच आपण त्याच्या मतावरून ठरवतो, आणि मग आपल्याला विरोध करणारा शहाणा माणूस उरतच नाही. म्हणून कोण शहाणा, ते वाद सुरू होण्याआधी ठरवून ठेवावं. कोणता पुरावा आला तर आपण मत बदलू, तेही आधीच.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी आत्याकडे गेले होते. बंदीला तीन वर्षं झाली होती. मी विचारलं, "आत्या, बंदी चुकली असं तुला कशावरून वाटेल?" मला वाटलं ती चिडेल. ती उठली, कपाटातून बचतगटाची जुनी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. दर महिन्याला बाईमागे शंभर रुपये, दर दहा तारखेला. उशीर झाला की नावापुढे लाल शाईची फुली. २०१४ च्या पानांवर सहा-सात घरांपुढे फुल्या, ठरलेल्याच घरांपुढे. २०१५ चा पावसाळा ते पुढचं वर्ष, पानं जवळजवळ कोरी. मग २०१७ पासून त्याच नावांपुढे हळूहळू लाल शाई परत आलेली.

"कागदावर बंद हाय," ती म्हणाली, "पन पोट्टे रातच्याला मोटरसायकलवर आनतेत. दुप्पट भावानं." मी म्हटलं, पिकाचाही परिणाम असेल, त्या वर्षी कापसावर बोंडअळी पडली होती. ती म्हणाली, "असंन. म्हनून तर ज्याईच्या घरी कोनी पेत नाही, त्याईची बी नावं पाह्य." तिने पान उलटून दाखवलं. त्या नावांपुढेही फुल्या होत्या, पण एखाददुसरी.

२०२१ ला बंदी उठली तेव्हा मी तिला फोन केला. आवाज पडलेला होता. पदयात्रेत चालताना आलेल्या पायाच्या फोडांची आठवण तिने काढली. मग म्हणाली, "बंद केल्यावर दीड वरीस बरं होतं, मंग फसलं. आता उघडल्यावर काय होते तेबी लिवून ठेवतो मी. वही नवी आनली हाय."